अकरा नंबरच्या दारावरचा हिरवा ठिपका

४ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "रोज एक पान लिहीत जा. काहीही लिही, मी वाचणार नाही. पण तुझी रजिस्टरातली ओळ वाचायला मला भिंग लागतं, ते थांबलं पाहिजे." म्हणून ही वही. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर पेन धरलं ते सही करायलाच. बोटं दुखतात.

इथं लागून आज नऊ दिवस झाले. म्हाताऱ्या माणसांचं घर आहे. दोन मजले, बावीस खोल्या, मधे लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना हाताने धरायचा लाकडी कठडा. माझ्याकडे सात ते बारा. म्हणजे सहा खोल्या व्हायला पाहिजेत, पण नऊला कुलूप आहे म्हणून पाच. कुलूप का, असं धुलाईवाल्या मावशीला विचारलं तर म्हणाली, "तुला कमी काम पडलंय का?"

इथं काम करणाऱ्या बाप्याला सगळे मामा म्हणतात आणि बाईला मावशी. मी बावीस वर्षांचा, आणि ऐंशीची आजी मला "अहो मामा" म्हणते. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माझ्या घरात पाळणा हलायच्या आधीच तू मामा झालास होय रे भिंगरी!" भिंगरी हे माझं घरचं नाव. टायरचं दुकान, छापखाना, बेकरी, तीन महिन्यांच्या वर कुठं टिकलो नाही म्हणून.

प्रत्येक दारावर एक ठिपका चिकटवलेला असतो. लाल म्हणजे तासातासाला बघायचं. पिवळा म्हणजे दिवसातून चारदा. हिरवा म्हणजे सकाळी डोकावलं, ताट ठेवलं, ताट उचललं, झालं. माणूस रडला, ओरडला, पेला फेकला की लाल किंवा पिवळा. गप्प राहिला की हिरवा. ज्याच्याकडे हिरवे जास्त तो चांगला मामा. माझ्याकडे एक लाल, तीन पिवळे, एकच हिरवा.

खरं लिहायचं तर मला या माणसांची भीती वाटते. त्यांचे हात गार असतात आणि एकदा धरला की सोडत नाहीत. घरी बाबा ओरडायचे तेव्हा कुठं पळायचं ते मला माहीत होतं. इथं कोणी अंगावर येत नाही, तरी सकाळी बोळात शिरायच्या आधी मी उगाच फाटकापर्यंत चक्कर मारून येतो. आपल्या पाळीत एखादा मेला तर?

५ फेब्रुवारी

शिकवणीबद्दल लिहितो, कारण आज तेच डोक्यात आहे.

तीन दिवस शिकवलं. पहिल्या दिवशी माणूस कसा उचलायचा, अंघोळ कशी घालायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची. ते मला छान जमलं, बाहुल्यावर सगळ्यात आधी मीच करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच 'ज्येष्ठांचे मन'. साडेतीनला पडद्यावर चित्र दाखवायच्या मशीनचा दिवा उडाला. शिकवणाऱ्या बाईंनी कागदावरून वाचलं. वाद घालू नका. हसतमुख राहा. मरणाचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर बदला. मी हात वर करून विचारलं, बदलून काय बोलायचं? त्या म्हणाल्या, "हवेबद्दल बोला." मग चहा आला.

मनाच्या डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा येतात. आता वीस-बावीस मार्चला येतील म्हणे. तोवर आमचं मन आमच्याजवळ.

६ फेब्रुवारी

अकरा नंबर पिवळा. आत मास्तर. अख्खं घर त्यांना पोस्टमास्तर म्हणतं, पण मी तसं म्हटल्यावर ते भडकले.

"मास्तर नाही, पोस्टमन. मास्तर खुर्चीत बसतो. मी अडतीस वर्षं चपला झिजवल्या."

"मग काय म्हणू?"

"मास्तरच म्हण. या वयात बढती कोण सोडतो!"

आणि लगेच रडायला लागले. अगदी हसता हसता. मला काही कळेना. मी म्हटलं, आज हवा चांगली आहे. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "नवीन का?"

रोज सकाळी असं रडतात. बायको गेली दीड वर्षापूर्वी, मुलगा लांबच्या शहरात. त्यांच्या शेजारी दहा नंबरला पैलवान आजोबा. एकेकाळी कुस्ती केलेला देह, डोकं आता लहान मुलासारखं. त्यांना काहीही द्या, खातात. परवा माझ्या खिशातला साबणाचा कागद चघळत होते. ते दिवसभर मास्तरांच्या खोलीत बसून असतात. मास्तर रडले की पैलवान त्यांच्या डोक्यावर थोपटतात. तो हात इतका मोठा आहे की मास्तरांची मान हलते.

११ फेब्रुवारी

ताईशी बोललो. इथं कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायला लागतो, म्हणून संध्याकाळी साडेसहाला लावतो. ती आणि दाजी बाबांजवळच राहतात. आधी ती नेहमीचं बोलली, दाजींचं, शेजारणीचं. मग म्हणाली, "बाबा आता ओरडत नाहीत बरं का."

मी विचारलं, आजारी आहेत का?

"छे रे. शांत झालेत. दिवसभर दारात बसतात. मी म्हणते बरं झालं, आई गेल्यावर वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं."

मला खरंच बरं वाटलं. बाबा गवंडी. त्यांच्या आवाजाला मजूर टरकायचे, मीही टरकायचो, त्या आवाजामुळंच मी घर सोडलं. सुटलो बुवा, असं वाटलं. पुढच्या वेळी घरी जायला हरकत नाही.

१५ फेब्रुवारी

मास्तर तीन दिवस रडले नाहीत!

मी काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे बाकीच्या खोल्यांतही करता येईल. ते रडायला लागले की मी खोलीत उभा राहून सांगायचो, "मास्तर, रडलात तर ठिपका पिवळाच राहणार. मग मला दिवसातून चारदा यायला लागतं, बाकीच्यांना वेळ मिळत नाही." रागावून नाही, समजुतीने. चौथ्या दिवशी त्यांनी मान हलवली. "तुला त्रास नको," म्हणाले. तेव्हापासून डोळे कोरडे.

रजिस्टरात लिहिलं : शांत. जेवण पूर्ण. अक्षरही बरं आलं.

१७ फेब्रुवारी

मास्तरांनी नवीन उद्योग काढलाय. कपाटातलं सगळं पलंगावर मांडलं आणि वाटे करत बसलेत. चष्म्याची घरं, रेडिओ, मफलर, दाढीचा ब्रश, दोन पेनं, शिट्टी. हात कसा चालतो! डोळे मिटून पत्ते पिसल्यासारखा. धुलाईवाली मावशी दारात उभी राहून म्हणाली, "टपाल वाटून जन्म गेला, हाताला सवय आहे बिचाऱ्याच्या." मलाही तेच वाटलं. बेकरीतला म्हातारा कारागीरही झोपेत कणीक मळायचा.

मास्तरांनी मला तपकिरी कागद आणि सुतळी मागितली. भांडारातून आणून दिली. शांत. जेवण पूर्ण.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस मला विसरायचा नाही.

सकाळी मास्तरांनी दाढी केली, कोट घातला आणि सगळ्या घरात टपाल वाटलं! खरंच. खांद्याला पिशवी, पिशवीत पुड्या, पुडीवर सुतळीची गाठ आणि सुंदर अक्षरात पत्ता : 'धुलाईघर, गरम इस्त्रीजवळ.' 'खोली सात, खिडकीतल्या आजी.' दार वाजवायचे, "टपाल!" म्हणायचे, हातात ठेवून पुढे. मावशीला रेडिओ. मोठ्या सिस्टरना पेन. पैलवानांना शिट्टी, ती त्यांनी दिवसभर वाजवून सगळ्यांचा जीव खाल्ला. मला मफलर. पुडीवर लिहिलं होतं : 'मामा, जिथं उभा असेल तिथं.' मी हसलो. मला घर सोडल्यापासून पत्ताच नव्हता, आज मिळाला.

सात नंबरच्या आजी टाळ्या वाजवत होत्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "महिन्यापूर्वी हेच गृहस्थ पेले फेकत होते." त्यांनी स्वतः पिवळा ठिपका नखाने खरवडला आणि हिरवा लावला. दुपारच्या बैठकीत सगळ्यांसमोर मला उभं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी याआधी कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही. कुठं बघावं कळेना म्हणून मी बुटांकडे बघितलं.

२३ फेब्रुवारी

पैलवानांच्या शर्टाचं पोटावरचं बटण उडून मावशीच्या गालाला लागलं. "हा माणूस हवेवर फुगतो का?" ती म्हणाली. उलट मास्तरांची पँट खाली घसरते. त्यांनी कमरेला पार्सलची सुतळी बांधलीय, गाठ तीच टपालाची. मी विचारलं तर म्हणाले, "तुमची मावशी कपडे ताणते." मावशीला सांगितलं, तिने मला धोपाटणं दाखवलं.

अकराला हिरवा असल्याने आता सकाळी डोकावतो, नंतर नुसता ताटापुरता जातो. ताट ठेवतो, तासाने उचलतो. ताट इतकं चाटूनपुसून असतं की धुवायची गरज नाही. शांत. जेवण पूर्ण.

त्यांच्यापाशी बसायची सवय झाली होती, ते मोडलं. पण आठ नंबरचे लाल आहेत, तिथं जीव अडकलेला असतो.

२५ फेब्रुवारी

मास्तरांनी हाक मारून एक पार्सल दिलं. पुठ्ठ्याचा बुटाचा खोका, चारी बाजूंनी शिवल्यासारखी सुतळी. वर मुलाचा पत्ता. वजनाने हलकं.

"हे टाकशील टपालात?"

"आज टाकतो की."

"आज नको. माझी खोली रिकामी झाली की टाक."

माझ्या लक्षात आलं. मुलगा न्यायला येतोय! म्हणून सामान वाटलं, म्हणून चेहरा असा निवळलेला. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात, आम्हाला पत्ता लागू दिला नाही." ते हसले. माझा हात धरला. या वेळी मी सोडवून घेतला नाही. बोटं नुसती काड्या होती आणि अंगठी सैल फिरत होती.

"तू चांगला पोरगा आहेस," म्हणाले. "तुझी काही चूक नाही हं."

कसली चूक, असं विचारायचं होतं, पण आठमध्ये काहीतरी पडलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

रविवारी सकाळी अकरा वाजता मास्तरांच्या मुलाचा फोन येतो, ऑफिसात. आज सिस्टर नव्हत्या म्हणून मी घेतला. तो नेहमी एकच विचारतो, "शांत आहेत ना?" मी म्हटलं, "एकदम. तुम्ही नेणार म्हणून खूश आहेत."

मग म्हणाला, "कुठं नेणार?"

"घरी. तुमच्या."

"मी असं काही बोललो नाही. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, चुकून बोललो. त्यानेही विचारलं नाही. "शांत आहेत ना पण?" एवढंच पुन्हा.

मग खोली रिकामी कशी होणार?

२७ फेब्रुवारी

मावशीला आज सोडलंच नाही. धुलाईघराचं दार लावून उभा राहिलो. म्हटलं, नऊ नंबरचं सांग.

तिने इस्त्री आडवी ठेवली, उभी केली, पुन्हा आडवी. "हिरव्या होत्या," म्हणाली. "बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला दोन साड्या दिल्या, सिस्टरना घड्याळ दिलं. आम्ही म्हटलं, किती मायाळू. एका सकाळी उठल्याच नाहीत. वजन केलं तर नुसता सापळा. वरच्या ऑफिसातून माणसं आली, रजिस्टर उघडलं. शांत, शांत, शांत. जेवण पूर्ण. तुझ्या जागी जी पोरगी होती तिला त्याच दिवशी काढलं. चांगली होती रे. तुझ्यासारखीच बडबडी."

"साड्या कधी दिल्या? आधी किती दिवस?"

मावशीने भिंतीच्या फळीवर ठेवलेल्या रेडिओकडे बघितलं. मास्तरांच्या. मग तो बंद केला.

साडेसहाला ताईला फोन लावला. मला फक्त तिचा आवाज ऐकायचा होता. ती म्हणाली, "आज गंमत झाली. बाबांनी शेजारच्या पोराला थापी आणि ओळंबा देऊन टाकला. म्हणे, तुला शिकायचंय ना, घे. कधी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत त्या ओळंब्याला! किती बदलले ना?"

मी फोन ठेवला. ती हॅलो हॅलो करत होती.

२८ फेब्रुवारी

हिरव्या खोलीत ताट ठेवल्यावर तासभर जायचं नसतं. आज दुपारी मधेच मी गेलो.

मास्तर पलंगावर, पैलवान समोर खुर्चीत. मधे ताट. मास्तर एकेक घास पैलवानांच्या तोंडात घालत होते. "हा शेवटचा, हा आईचा, हा कावळ्याचा." पैलवान आ वासून बसले होते. ताट रिकामं झाल्यावर मास्तरांनी बोटाने कडा पुसल्या, तेही बोट पैलवानांच्या तोंडात. मग ताट दाराजवळ नीट ठेवलं, मी उचलतो तिथंच.

मी दाराआडून बाजूला झालो. धाबं दणाणलं म्हणजे काय ते आज कळलं.

किती दिवस? मी 'जेवण पूर्ण' कधीपासून लिहितोय? रजिस्टर काढून मागं गेलो. बारा तारखेपासून. सतरा ओळी, सगळ्या माझ्या अक्षरात. मधे कधी त्यांनी दोन घास घेतलेही असतील, देव जाणे.

कामगारांच्या खोलीवर येऊन पिशवी भरली. मला हे जमतं. कपडे, कागद, चप्पल, चार मिनिटं. मफलर बाहेर राहिला. तो आत कोंबला, पुन्हा काढला. सांगितलं तर मी गेलो. नाही सांगितलं तर मास्तर गेले. पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलो. राखणदार म्हणाला, "काय मामा, सुट्टी?" मी म्हटलं, "नाही, पाय मोकळे करतोय." पिशवी घेऊन? तो हसला. मी पंधरा मिनिटं फाटकात येरझाऱ्या घातल्या आणि परत आलो.

जेवण गेलं नाही. माझं.

१ मार्च

सकाळी सहाला मोठ्या सिस्टरच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं. म्हटलं, "यातल्या सतरा ओळी खोट्या आहेत."

त्या वाचत होत्या तोवर मी सगळं बोलून टाकलं. ताट, पैलवान, सुतळी, पार्सल, मुलाचा फोन. ओरडतील वाटलं. ओरडल्याच. "डोळे फुटले होते का तुझे? ताट कोण रिकामं करतंय हे बघायला शाळा लागते का?" मी म्हटलं, "ठिपका तुम्ही लावलात." माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. त्या उभ्या होत्या, बसल्या. टेबलावरचं पेन उचललं. ते मास्तरांचंच होतं. त्यांनी ते असं खाली ठेवलं की जणू चटका बसला.

"मला हाडं शिकवली," म्हणाल्या. "रक्त, साखर, जखमा शिकवल्या. हे कुणी शिकवलं नाही. म्हातारपणी माणूस उदास असतोच, असं मला माझ्या सिस्टरनी सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं."

त्यांनाही भीती वाटते हे बघून मला जास्त भीती वाटली.

मनाच्या डॉक्टरांना त्यांनी फोन लावला. डॉक्टर बाई घाईत होत्या, पण ऐकल्यावर थांबल्या. परवाच येते म्हणाल्या. आज वजन करा, रक्तदाब बघा, एकटं सोडू नका, चक्कर किंवा गुंगी दिसली तर थेट दवाखान्यात न्या. मग विचारलं, "ते कुणाशी बोलतात?" सिस्टरनी फोन माझ्या हातात दिला.

"त्यांना विचार," डॉक्टर म्हणाल्या. "मरावंसं वाटतं का. कधीपासून. आज वाटतंय का. सरळ विचार, आडून नको."

"आम्हाला सांगितलंय तो विषय काढायचा नाही. डोक्यात घातल्यासारखं होतं."

"विचारल्याने डोक्यात जात नाही. असलं तर आधीच आहे, आणि ते त्या विचाराबरोबर एकटे बसलेत. उत्तर आलं की घाबरून बडबडू नकोस. हवेबद्दल तर अजिबात नाही. तिथंच बस."

मी तपकिरी कागदाच्या तुकड्यावर तिन्ही प्रश्न लिहून घेतले. अक्षर पुन्हा बिघडलं.

सिस्टर दाराबाहेर उभ्या राहिल्या. मी आत गेलो, पैलवानांना मावशीकडे पाठवलं, पलंगाच्या कडेला बसलो. मास्तर म्हणाले, "आज बसलास? हिरवा उतरला की काय?"

कागद बघून वाचलं, शाळेत वाचायचो तसं, "मास्तर, तुम्हाला मरावंसं वाटतं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं मी त्यांना आत्ताच मारलं.

"किती दिवस लावलेस रे विचारायला," म्हणाले.

आणि रडले. पूर्वीसारखे नाही. आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. मी तिथंच बसलो. पाय आपोआप उठायला बघत होते, ते मी हाताने दाबून धरले.

पुढचं सगळं लिहिता येणार नाही. बायको गेल्यापासून वाटतं, म्हणाले. आधी रडलो तर सगळे वैतागले. मुलगा म्हणे शांत राहा, सिस्टर म्हणे शांत राहा, तू पण म्हणालास. "म्हटलं ठीक आहे. राहतो शांत. कायमचा. कुणाला त्रास नको."

तू पण म्हणालास. हे मी दोनदा लिहितो. तू पण म्हणालास.

तिसरा प्रश्न राहिला होता. आज वाटतंय का? ते म्हणाले, "काल वाटत होतं. आज..." आणि पुढं बोलले नाहीत. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे अर्धा कप दूध आणलं, ते मी चमच्याने दिलं. सहा चमचे गेले. सातव्याला तोंड फिरवलं. वजन केलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला करतो तसंच, पण या वेळी आकडा बघून सिस्टरनी काटा पुन्हा शून्यावर आणून तपासला. पैलवानांचा बघून मावशी नेहमीसारखं बोलणार होती, तिने ते गिळलं.

अकरावर लाल ठिपका लागला. मी स्वतः लावला. रजिस्टरात लिहिलं : 'जेवले नाहीत. बारा तारखेपासून पैलवानांना देतात. मी बघितलं नाही. मरावंसं वाटतं म्हणाले. सहा चमचे दूध.' खाली सिस्टरनी सही केली. वरून माणसं येतील, तुझं काय होईल ते मी सांगू शकत नाही, म्हणाल्या. माझंही.

२ मार्च

मास्तर आहेत. सकाळी अकरा चमचे. दुपारी नको म्हणाले, माझ्यावर खेकसले, पेला फेकला. सिस्टर धावत आल्या आणि पेला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणायचं की काय मला माहीत नाही. मला अजून धीर येत नाही. दर तासाला दाराशी जाताना वाटतं, आत काही आवाज नसेल. मुलाला सिस्टरनी फोन केला. गाडीत बसलाय म्हणे. बुटाचा खोका माझ्या पलंगाखाली आहे, उघडला नाही.

साडेसहाला ताईला फोन लावला. म्हटलं, बाबांना दे.

"बाबांना? तू?" गेल्या दोन वर्षांत मी त्यांच्याशी बोललो नाही. "ते नाही बोलत रे फोनवर. थांब."

मग श्वास ऐकू आला.

"काय."

तो आवाज मी ओळखलाच नाही. भिंत पाडील असा आवाज होता तो.

"जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

"वाढलं होतं तिने."

"ओळंबा का दिलात?"

"आता कुणाच्या भिंती बघायच्यात मला."

कागदाचा तुकडा माझ्या हातात होता, घामाने मऊ झालेला. मागे ताई विचारत होती, काय म्हणतो, काय म्हणतो. मी बोळात बसलो होतो, कठड्याला पाठ लावून. मी विचारलं. तसंच, वाचून. "बाबा, मरावंसं वाटतं का?"

आता ओरडतील, असं वाटलं. देवा ओरडू दे, असं वाटलं. काहीच नाही. नुसता श्वास. मला काहीतरी बोलायचं होतं, काहीही, हवा, कामाचं, मफलरचं. तोंड दाबून धरलं. समोर नऊ नंबरचं कुलूप दिसत होतं.

मग ते हळूच म्हणाले, "थांब. ठेवू नकोस." फोन बाजूला झाला. "तू जरा बाहेर जा गं," ताईला म्हणाले. तिच्या चपलांचा आवाज. मग दार लागलं, कडी घातल्याचा आवाज आला.

खाट करकरली.

"हं," बाबा म्हणाले. "आता पुन्हा विचार."